इंजिन बदललं, मग तापमानाचा आकडा खोटा का बोलतोय?

गेल्या वर्षभरात महाराष्ट्रातल्या जुन्या गाड्यांच्या मालकांनी एक गोष्ट बऱ्याच वर्षांनी केली: आरसी उघडून इंजिन नंबर वाचला. कारण एचएसआरपी, म्हणजे नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना ती सक्तीची झाली, ३१ मार्च २०२५ ची पहिली मुदत पुन्हा पुन्हा वाढत डिसेंबर २०२५ पर्यंत गेली, आणि ऑनलाइन बुकिंग करताना चॅसी नंबरासोबत इंजिन नंबरही टाकावा लागला. काहींना तेव्हा लक्षात आलं की आरसीवर एक नंबर आहे आणि बॉनेटखालच्या ब्लॉकवर दुसराच. म्हणजे गाडीचं इंजिन कधीतरी बदललंय.

इंजिन बदलणं आपल्याकडे नवीन नाही. पण सध्या ते वाढण्यामागे एक ठोस कारण आहे. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, इंडिका व्हिस्टा, पुंटो, लिनिया अशा कितीतरी गाड्यांत फियाटचं १.३ लिटर मल्टिजेट डिझेल इंजिन होतं. इतक्या कंपन्यांनी वापरलं की लोक त्याला गमतीने 'नॅशनल इंजिन' म्हणायचे. पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावलाही ते बनायचं. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आलं आणि मारुतीने डिझेलच बंद केलं. गाड्या मात्र रस्त्यावर आहेत. इंजिन गेलं की नवीन मिळत नाही किंवा परवडत नाही, मग कुर्ल्यासारख्या बाजारातून अपघातातल्या गाडीचं इंजिन येतं आणि गावातल्या गॅरेजमध्ये बसतं.

त्यात समृद्धी महामार्ग. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता ५ जून २०२५ ला पूर्ण खुला झाला आणि तो आपल्या गंगापूर तालुक्यातून जातो. लासूर किंवा वैजापूरच्या रस्त्यावर साठने चालणारी गाडी इथे तासन् तास शंभराच्या पुढे पळते, मे महिन्यात चाळीस अंशांच्या उन्हात. गावात न दिसणारा कूलिंगचा दोष इथे तासाभरात दिसतो. आणि नेमकं इंजिन बदललेल्या गाडीत तो मीटरवर दिसेलच याची खात्री नसते. असं का होतं आणि खिशातल्या फोनने ते कसं पकडायचं, ते आज बघू.

आकडा येतो कुठून?

मीटरवरचा काटा तापमान 'मोजत' नाही. तो फक्त कोणीतरी सांगितलेलं दाखवतो.

इंजिनात कूलंट फिरतं तिथे, बहुतेक वेळा थर्मोस्टॅटच्या घराजवळ, एक छोटा सेन्सर असतो. त्याच्या आत थर्मिस्टर असतो. हा असा रेझिस्टर, जो गरम झाला की त्याचा विरोध कमी होतो. तुमच्या फोनच्या बॅटरीतही हाच प्रकार बसवलेला असतो. उन्हात फोन ठेवल्यावर 'फोन खूप गरम झालाय' असा मेसेज येतो तो त्याच्याच भरवशावर.

गाड्यांत खूप वापरला जाणारा एक प्रकार घ्या. त्याचा विरोध २० अंशांना साधारण २,५०० ओहम, ८० अंशांना ३२० च्या आसपास आणि १०० अंशांना साधारण १८६ ओहम असतो. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

गाडीचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, या सेन्सरला एका ठरावीक रेझिस्टरमधून ५ व्होल्ट देतो आणि मध्ये किती व्होल्टेज उरलं ते वाचतो. मग आपल्या मेमरीतला तक्ता बघतो: इतके व्होल्ट म्हणजे इतके अंश. त्या आकड्यावरून तो इंधन किती द्यायचं, फॅन कधी लावायचा, एसी कधी तोडायचा हे ठरवतो.

थोडक्यात साखळी अशी: कूलंट, सेन्सर, वायर, ईसीयूचा तक्ता, मीटर. यातली कुठलीही कडी बदलली की आकडा बदलतो, कूलंट तेवढंच गरम असलं तरी.

इंजिन बदलताना नेमकं काय बिघडतं?

सॉफ्टवेअरवाल्यांना ही अडचण लगेच कळेल. एका सिस्टिमने तारीख दिवस-महिना अशी पाठवली आणि दुसरीने महिना-दिवस अशी वाचली, तर एरर येत नाही. फक्त चुकीची तारीख येते, आणि ती खरी वाटते. इथेही तसंच होतं.

पहिलं कारण: सेन्सर एका गाडीचा, तक्ता दुसऱ्या गाडीचा. भंगारातून आलेलं इंजिन स्वतःचा सेन्सर घेऊन येतं. पण ईसीयू आणि वायरिंग बहुतेक वेळा तुमच्याच गाडीचं राहतं. दोन्ही सेन्सरचे आटे सारखे असू शकतात, प्लगही बसू शकतो, पण विरोधाचा हिशोब वेगळा असू शकतो. म्हणून एक नियम पाठ करून टाका: सेन्सर इंजिनाचा नसतो, ईसीयूचा असतो. जो ईसीयू गाडीत राहणार, त्याच्याच पार्ट नंबरचा सेन्सर नवीन घेऊन लावायचा. काही लाखांच्या गाडीत हा काहीशे रुपयांचा विषय आहे, आणि तोच सगळ्यात जास्त टाळला जातो.

दुसरं: दोन वेगळे सेन्सर. बऱ्याच जुन्या गाड्यांत मीटरच्या काट्यासाठी एक वायरचा वेगळा सेन्सर आणि ईसीयूसाठी दोन वायरचा वेगळा असतो. एक वायरवाल्याची दुसरी बाजू थेट इंजिनाच्या लोखंडातून पूर्ण होते. आटे सील करायला त्यावर भरपूर टेप गुंडाळली तर अर्थिंगच नीट मिळत नाही. मग ईसीयू ९५ म्हणतो आणि काटा खालीच पडून असतो.

तिसरं: अर्थिंगची पट्टी. इंजिन उतरवताना ब्लॉकपासून बॉडीला आणि बॅटरीला जाणारी जाड पट्टी सोडावी लागते. परत लावताना ती राहून गेली, किंवा रंगावर, गंजावर आवळली, की सगळ्याच सेन्सरचे आकडे डळमळतात. लक्षण सोपं आहे: हेडलाइट किंवा ब्लोअर लावला की तापमान बदलतं. दिवा लावून पाणी गरम होत नाही, म्हणजे दोष वायरिंगचा.

चौथं: एअर. कूलंट पूर्ण काढून परत भरलं की आत हवा अडकते. सेन्सर कूलंटऐवजी हवेच्या किंवा वाफेच्या फुग्यात आला तर आकडा एकदम खाली, मग एकदम वर उडी मारतो. इथे सेन्सर निर्दोष असतो. एअर काढणं हाच उपाय.

फोनवरून तपास: आधी तयारी

बीएस-४ च्या काळात, २०१० नंतर टप्प्याटप्प्याने, आपल्याकडच्या गाड्यांत ओबीडी आलं. स्टिअरिंगच्या खाली १६ पिनांचा सॉकेट असतो, त्यात ब्लूटूथ डोंगल लावायचं आणि फोनमध्ये ओबीडीचं कुठलंही साधं अ‍ॅप घ्यायचं.

डोंगल घेताना दोन गोष्टी बघा. आयफोन असेल तर जुन्या ब्लूटूथचं स्वस्त डोंगल चालणार नाही. ब्लूटूथ लो एनर्जी किंवा वायफायवालं लागेल. आणि बाजारात 'ईएलएम ३२७, व्हर्जन १.५' छापलेली डोंगल सर्रास मिळतात. मूळ कॅनेडियन कंपनीने १.५ नावाची आवृत्ती कधी काढलीच नव्हती, म्हणजे ती सगळी नक्कल आहेत. नक्कल असूनही तापमान वाचायला पुष्कळदा चालतात; फक्त डोंगल गाडीशी बोललंच नाही तर लगेच गाडीला दोष देऊ नका.

अ‍ॅप आतमध्ये काय करतं? गाडीला '०१ ०५' असं विचारतं, म्हणजे 'आत्ताचं कूलंट तापमान सांग'. उत्तर येतं, उदाहरणार्थ, '४१ ०५ ७बी'. यातला शेवटचा ७बी हा सोळाच्या पाढ्यातला आकडा: ७ गुणिले १६ अधिक ११ म्हणजे १२३. त्यातून ४० वजा केले की ८३ अंश. हे वजा ४० सगळ्या कंपन्यांना सारखं आहे, म्हणून एकच अ‍ॅप सगळ्या गाड्यांत चालतं.

यातूनच एक सोपी खूण मिळते. गंगापुरात भर मे महिन्यात अ‍ॅपने उणे ४० दाखवलं तर घाबरू नका. शून्यातून ४० गेले, एवढाच त्याचा अर्थ. सेन्सरचा प्लग लागलेला नाही किंवा वायर तुटलेली आहे.

चार पायऱ्या, याच क्रमाने

१. थंड गाडीची परीक्षा. गाडी रात्रभर सावलीत उभी ठेवा. सकाळी स्टार्ट न करता फक्त चावी ऑन करा. अ‍ॅपवर कूलंट तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान दोन्ही बघा. रात्रभरात सगळं एकाच तापमानाला आलेलं असतं, त्यामुळे दोन-चार अंशांपेक्षा जास्त फरक पडायला नको. हवा २६ आणि कूलंट ४५ दाखवत असेल, तर सेन्सर आणि तक्ता जुळत नाहीत. इथे एक पानाही फिरवायची गरज पडली नाही.

२. गरम होतानाचा ग्राफ. आता स्टार्ट करा आणि अ‍ॅपमध्ये ग्राफ लावा. आकडा सावकाश, न अडखळता चढला पाहिजे. बहुतेक गाड्यांत थर्मोस्टॅट ८२ ते ८८ च्या दरम्यान उघडतो, तेव्हा ग्राफ किंचित वाकतो. उभ्या गाडीत पुढे साधारण ९५ ते १०० च्या आसपास फॅन लागतो आणि आकडा खाली येतो. नेमके आकडे गाडीगणिक वेगळे असतात, पण आकार हाच.

३. दुसऱ्या साक्षीदाराला विचारा. इन्फ्रारेड थर्मामीटर, म्हणजे कोविडमध्ये कपाळावर धरायचे त्याचाच गॅरेजवाला भाऊ, थर्मोस्टॅटच्या घरावर धरा. चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर तो कमी आकडा दाखवतो, म्हणून तिथे काळी इन्सुलेशन टेप चिकटवून टेपवर मोजा. अ‍ॅप आणि हा थर्मामीटर यांत पाच-सात अंशांचा फरक चालेल. पंधरा-वीसचा नाही.

४. सेन्सर बाहेर काढून. इंजिन पूर्ण थंड असताना सेन्सर काढा, मल्टिमीटर लावा, आधी साध्या पाण्यात आणि मग उकळत्या पाण्यात बुडवा. आपला भाग समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या आसपास उंच, म्हणून इथे पाणी ९८ अंशांच्या जवळपास उकळतं. वर सांगितलेल्या प्रकारचा सेन्सर असेल तर उकळत्या पाण्यात २०० ओहमच्या आसपास दिसायला हवं. तुमच्या ईसीयूच्या सेन्सरचे आकडे सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतात.

आणि एक गोष्ट कधीही करू नका: गरम इंजिनाची रेडिएटर कॅप उघडू नका. कूलंट आणि पाण्याचं अर्धं-अर्धं मिश्रण उघड्यावर १०६-१०७ अंशांना उकळतं. कॅपच्या दाबाखाली ते १२० च्या पुढेही द्रवच राहतं. कॅप उघडली की दाब जातो आणि त्याच क्षणी उकळतं कूलंट तोंडावर येतं.

थंडीत खरं बोलणारा, गरमीत खोटा बोलणारा दोष

पहिल्या पायरीवर गाडी पास झाली म्हणजे सगळं ठीक, असं नाही. यातला गणिताचा भाग समजून घ्या, कारण इंजिन याच्यानेच जातं.

समजा जुन्या प्लगच्या पिनांवर हिरवा गंज चढलाय आणि त्यामुळे वायरमध्ये फक्त १०० ओहमचा जादा विरोध आलाय. सकाळी, २० अंशांना, सेन्सरचे २,५०० आणि हे १०० मिळून ईसीयूला २,६०० दिसतात. फरक पडतो जेमतेम एका अंशाचा. कोणाला कळणारही नाही.

आता इंजिन गरम होऊन १०० अंशांवर आलं. सेन्सर म्हणतो १८६. त्यात तेच १०० मिळवले की ईसीयूला दिसतात २८६. तक्त्यात २८६ म्हणजे साधारण ८४ अंश. प्रत्यक्षात १०० आणि कागदावर ८४. फॅन ९५ ला लागणार असेल तर तो लागणारच नाही. काटाही मधोमध निवांत. बऱ्याच गाड्यांत काटा मुद्दामच असा बनवलेला असतो की साधारण ७५ ते १०५ च्या पट्ट्यात तो हलतच नाही, म्हणजे ड्रायव्हर उगाच घाबरत नाही. त्यामुळे काटा हलेपर्यंत बऱ्याचदा हेड गॅस्केट उडालेली असते.

म्हणून इंजिन बदललेल्या गाडीत थंड आणि गरम दोन्ही परीक्षा हव्यात. प्लग जुना दिसत असेल तर तो बदलूनच घ्या.

ग्राफ काय सांगतो?

- कायम उणे ४०, कोड पी०११८: सर्किट उघडं आहे. प्लग किंवा वायर बघा. काही गाड्यांत ईसीयू अशा वेळी स्वतःच एक अंदाजी आकडा धरतो आणि फॅन सतत फिरवतो. म्हणून कोड वाचायला विसरू नका.
- थंड गाडीतही १३०-१४०, कोड पी०११७: वायर कुठेतरी घासून शॉर्ट झाली आहे.
- हायवेवरही ६०-७० च्या वर जात नाही, कोड पी०१२८: थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय, किंवा काढून टाकलाय.
- ७० वरून ११०, परत ७५: आत एअर आहे. काढूनही परत होत असेल तर हेड गॅस्केट तपासा.
- फक्त ट्रॅफिकमध्ये वाढतं: फॅन, त्याचा रिले, वायरिंग.
- फक्त वेगात किंवा चढावर वाढतं: रेडिएटर चोंदलाय, वॉटर पंप कमजोर आहे, किंवा जुन्या रेडिएटरला नवीन इंजिन झेपत नाही.

थर्मोस्टॅटबद्दल जरा स्पष्ट बोलू. 'आपल्याकडे ऊन जास्त, थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी गरम होणार नाही' हा सल्ला मराठवाड्यात सर्रास मिळतो. इंजिन त्यामुळे योग्य तापमानाला पोचतच नाही. ईसीयूला वाटतं गाडी अजून थंड आहे, तो इंधन जास्त देत राहतो, अ‍ॅव्हरेज पडतं, धूर वाढतो. आणि मूळ दोष, म्हणजे चोंदलेला रेडिएटर किंवा न लागणारा फॅन, झाकला जातो. समृद्धीवर तो बाहेर येतोच.

आरसीचं काय?

आकडा जुळला तरी कागद जुळले पाहिजेत. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने ठरवून दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत असा बदल मालकाने गाडीत करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं: परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

याचा अर्थ इंजिन बदलताच येत नाही असा नाही. आधी आपल्या आरटीओत, एमएच-२० वाल्यांनी छत्रपती संभाजीनगरला, विचारा. त्याच प्रकारचं इंजिन घ्या. विकणाऱ्याकडून बिल आणि मूळ गाडीच्या कागदांची प्रत घ्या. आणि नवा नंबर आरसीवर चढवून घ्या. बिल नसलेलं स्वस्त इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं तर पोलीस तुमच्या दारात येतील. अपघातानंतर विमा कंपनीचा माणूस नंबर पडताळतो, तेव्हाही हाच कागद कामी येतो.

खरा प्रश्न: तक्ता कोणाच्या ताब्यात?

आत्तापर्यंतचा सगळा तपास एका पानावर अडतो: तुमच्या ईसीयूचा सेन्सर किती अंशांना किती ओहम दाखवतो, त्याचा तक्ता. गावातल्या मिस्त्रीकडे तो नसतो. त्याचं कौशल्य कमी नाही. माहिती बंद आहे.

हे नुसतं माझं मत नाही. २५ ऑगस्ट २०१४ ला भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. कारण हेच: सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजना मोकळेपणाने मिळू न देणं. प्रकरण अपिलात गेलं, काहींचा दंड पुढे कमी झाला, पण प्रश्न संपला नाही. जुलै २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली. तिच्या यादीत मोबाइल, घरगुती उपकरणं, शेतीची यंत्रं आणि गाड्या हे चारही आहेत. त्याच डिसेंबरमध्ये पोर्टल आलं. त्यावर ज्या कंपनीने जेवढी माहिती द्यायची ठरवली तेवढीच आहे.

दरम्यान गाड्या जास्त बोलक्या आणि जास्त बंद होत चालल्यात. एप्रिल २०२३ पासून बीएस-६ चा दुसरा टप्पा लागू आहे. गाडी चालताना स्वतःच्या प्रदूषणावर स्वतः नजर ठेवते. पण ओबीडीच्या सॉकेटमधून सगळ्यांना मिळते ती प्रदूषणाशी संबंधित ठरावीक माहिती. बाकीची कंपनीच्या स्वतःच्या स्कॅनरलाच कळते.

कंपन्यांची बाजूही खोटी नाही. ईसीयू उघडा ठेवला तर लोक ईजीआर बंद करतील, धूर वाढेल, इमोबिलायझर मोडून गाड्या चोरीला जातील. पण यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. ईसीयूमध्ये लिहिणं बंद ठेवायला कारण आहे. ईसीयूतून वाचणं आणि सेन्सरचा तक्ता बघणं बंद ठेवायला तसं कारण दिसत नाही. कूलंटचं तापमान कळल्याने कोणी गाडी चोरत नाही. न कळल्याने इंजिन मात्र जातं.

वाळूजची एमआयडीसी गंगापूर तालुक्यातच आहे. इथली कितीतरी पोरं दिवसभर गाड्यांचे सुटे भाग बनवतात आणि संध्याकाळी स्वतःची जुनी गाडी ज्या मिस्त्रीकडे नेतात, त्याच्याकडे त्याच भागाची एका पानाची माहिती नसते. ते पान मोकळं करायला कारखाना लागत नाही, की सबसिडी. तो एक नियम आहे.

तो येईपर्यंत, इंजिन बदलून झालं की गॅरेजमध्ये शेवटचे पैसे देण्याआधी चार गोष्टी विचारा. सेन्सर कुठल्या पार्ट नंबरचा लावलाय? अर्थिंगच्या सगळ्या पट्ट्या घासून लावल्यात का? एअर काढली का? थर्मोस्टॅट आत आहे ना? मग डोंगल लावा, मिस्त्रीला शेजारी बसवा आणि वीस मिनिटं फॅन लागेपर्यंत ग्राफ दोघांनी मिळून बघा. त्याने तो स्क्रीनशॉट स्वतःच्या फोनवर मागितला तर नक्की द्या. पुढच्या गाडीला त्याच्याकडे जुळवून बघायला काहीतरी असेल.